दोन मिस कॉल

फोन अपडेट झाला आणि शकुबाईचा पडदा लाल होईनासा झाला.

रोहणा गावच्या शकुबाईला ऐकू कमी यायचं आणि अक्षराशी तिची कधी गाठच पडली नव्हती. नवरा नत्थूजी दम्याचा, तरी वावरात एकटाच जायचा. तिथून मिस कॉल द्यायचा. एक म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे धावत ये. शेजारची छाया, माहेर-सासर दोन्ही याच गावात, आर्वीच्या कॉलेजात संगणक शिकवायची. तिने त्यासाठी एक ॲप केलं होतं. एक मिस कॉल आला की पडदा हिरवा, दोन आले की लाल. गावातल्या तीसेक घरांत ते चालायचं.

आता कंपनीचा नवा नियम आला. कोणाचा कॉल आला हे बाहेरच्या ॲपला कळणार नाही, सुरक्षेसाठी म्हणे! मंगळवारी नत्थूजी दोनदा रिंग देऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, तासभर धापा टाकत बसला. घरी शकुबाई मूग पाखडत होती, फोन समोर, पडदा काळा. वाटेने जाणाऱ्या रुपेशने त्याला गाडीवर घातलं म्हणून निभावलं.

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कंपनीला तीन अर्ज केले. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं: ही परवानगी फक्त फोन लावायच्या मुख्य ॲपलाच मिळते.

"सोड न आता," तिचा नवरा मुकेश म्हणाला. "त्यायच्या पुढं आपलं काय चालते?"

"काऊन सोडू? मुख्य ॲपलेच भेटते न? मंग आपलं ॲपच मुख्य करू."

"फोन लावणं, उचलणं, सारंच करणारं?"

"सारंच."

दिवाळीची सगळी सुट्टी तिने त्यात घातली. फराळ विकतचा आला. सासूबाईंनी नाक मुरडलं, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती शकुबाईच्या ओसरीवर बसली आणि नवं ॲप फोनवर चढवलं. फोनने लगेच पाटी दाखवली.

"काय म्हणून राह्यला तो?" शकुबाईने विचारलं.

छाया तिच्या कानाशी ओरडली, "म्हणते, हे ॲप अनोळखी माणसाचं हाय. तुमचे सारे कॉल त्याच्या हाती जातीन. भरोसा हाय का?"

शकुबाईने फोनकडे रागाने पाहिलं.

"अनोळखी? इले म्या पाळण्यात झोके देल्ले. तू कोण बे?"

छायाने दाखवलेल्या बटणावर तिने अंगठा दणकन दाबला. अंगणातून नत्थूजीने दोनदा रिंग दिली. पडदा लालभडक झाला. छायाचे डोळे भरून आले, पण शकुबाईला तेवढी सवड नव्हती. ती पदर खोचून उठलीच.

"चाल, बाकीच्या घरी. हा तिथंबी इचारन, छाया कोण म्हणून. मले बोलू देजो."