कोशों यांचा दाखला

माझं आडनाव एकोणचाळीस वर्षं कोशों होतं. आमच्या फ्रेंचमध्ये कोशों म्हणजे डुक्कर. कुणाला वाटेल, उच्चार सारखा असेल, अर्थ वेगळा असेल, तर नाही. सरळसरळ डुक्कर. गोठ्यातलं, चिखलातलं, ताटातलं.

आमच्याकडे सात-आठशे वर्षांपूर्वी एकेका गावात चार-चार जाँ आणि पाच-पाच प्येर असायचे. ओळखायचं कसं? मग लोक शेपूट जोडायचे. पुलापाशी राहतो तो ड्युपों, लोहार असेल तो लफेव्र, तांबड्या केसांचा तो लरू. पुढे ती शेपटं कागदावर चढली आणि नातवंडा-पतवंडांच्या गळ्यात पडली. पुलापासून दहा कोस लांब राहणारा माणूसही ड्युपोंच. आमचा कोण तो महापुरुष डुकरं राखत होता की खाऊन खाऊन स्वतःच डुकरासारखा झाला होता, देव जाणे. पण त्याच्या पापाचं गाठोडं माझ्या डोक्यावर आलं.

माझे वडील आन्सेल्म कोशों छपरांचं काम करायचे. सार्त नदीच्या काठच्या अर्ध्या गावांची स्लेटची छपरं त्यांनी घातली. त्यांच्या गाडीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं असे, 'कोशों, छपरं', आणि खाली आमच्याकडची म्हण, 'डुकरातलं सगळंच चांगलं'. कुणी नावावरून काही बोललं की सगळ्यांत मोठ्यांदा हसणार तेच. वर सांगणार, "अहो, आमचा मूळपुरुष डुकरं घेऊन ओकच्या रानात जायचा, पाटलाच्या थाटात! तुमच्या मूळपुरुषाला कुणी एक डुक्कर तरी राखायला दिलं असतं का?" आई माहेरची रोसिन्योल, म्हणजे बुलबुल. तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, बुलबुलाची डुकरीण केली, तरी गाते!" आई त्यांच्या पाठीत धपाटा घालायची. मला वाटायचं, या माणसाची कातडी गेंड्याची आहे. याला काही लागतच नाही. मला मात्र सगळं लागायचं.

मी शिकून ल माँ शहरात बँकेत लागलो. टेबलावर नावाची पट्टी. गिऱ्हाईक पट्टी वाचायचं, माझ्याकडे बघायचं, ओठ आवळायचं. वीस वर्षं मी ते आवळलेले ओठ बघितले. मग माझी आठ वर्षांची मातिल्द एक दिवस शाळेतून रडत आली. वर्गातल्या मुलींनी तिच्या डब्यात उकडलेल्या बटाट्याची सालं टाकली होती, डुकराला घालतात तशी. माझी बायको कोरीन म्हणाली, "बास झालं रेजिस. तुझ्या बाबांचं काय ते कौतुक त्यांच्यापाशी. माझ्या पोरीनं का भोगायचं?"

बायकोच्या तोंडून ऐकलं म्हणजे जणू मी स्वतः म्हटलंच नाही, अशी मी सोय करून घेतली. खरं तर पोरीच्या आधी कितीतरी वर्षं हे माझ्या मनात होतं.

नाव बदलायला न्यायमंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो. नावानं खरंच त्रास होतो याचे पुरावे लागतात. ज्यांनी त्रास बघितला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून सही केलेले दाखले लागतात. आमच्या वकीलबाई मादाम पेल्त्ये म्हणाल्या, "आईचं माहेरचं आडनाव मागा, रोसिन्योल. सोपं जाईल. आधी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात कायदेशीर जाहिरात द्यावी लागेल."

"छापून येणार?" मी विचारलं.

"अहो, ते शेवटचं पान कोण वाचतं!"

माझे वडील वाचतात. हा माझा गाढवपणा. जन्मभर छपरं घातलेला माणूस त्या पानापासूनच पेपर सुरू करतो. कुणाचं दिवाळं निघालं, कुठलं घर लिलावात गेलं, कोण मेलं, सगळं तिथेच तर असतं. लहानपणापासून मी त्यांना कॉफीचा वाडगा समोर घेऊन ते पान वाचताना बघत आलो. आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जाहिरात छापून आल्यावर पडला.

त्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला गेलो. आई जाऊन चार वर्षं झाली होती, स्वयंपाक तेच करायचे. चोराच्या मनात चांदणं. मी दारातूनच त्यांचं तोंड वाचायला लागलो. काही नाही. रियेत, म्हणजे डुकराच्या मांसाचा मऊ लगदा, वाढलं, पावाला लावून मातिल्दला भरवलं, सफरचंदाची वारुणी ओतली. फक्त 'डुकरातलं सगळंच चांगलं' ही म्हण एकदाही म्हटली नाही. परतताना गाडीत कोरीन म्हणाली, "सुटलो, वाचलं नाही त्यांनी." मला कळलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडायची छाती झाली नाही.

दहा दिवसांनी, बुधवारी, ते आमच्या दारात उभे. कोट घातलेला, हातात तपकिरी पाकीट.

"पेपरात वाचलं," म्हणाले. "दाखले लागतात म्हणे. नगरपालिकेत विचारलं मी. तू माझ्याकडे का नाही मागितलास? माझ्यापेक्षा जास्त कोण लिहिणार?"

"बाबा, मी सांगणारच होतो—"

"राहू दे रे. आधी हे बघ चालतं का ते. ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आहे. कोरीन, कॉफी आहे का गं?"

चार पानं होती. छपराचं अंदाजपत्रक लिहावं तसं मुद्देसूद, तिरक्या अक्षरात. मी तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभा राहून वाचलं.

'मी, खाली सही करणार आन्सेल्म कोशों, निवृत्त छपरकरी, शपथेवर सांगतो की माझ्या आडनावामुळे मला पुढील त्रास झाला.

एक. शाळेत गुरुजी हजेरी घेताना माझ्या नावाच्या जागी डुकराचा आवाज काढत. मी "हजर" म्हणत असे. पाच वर्षं.

दोन. १९५४, लष्करी सेवा. सार्जंटनं पलटणीसमोर मला ओणवं होऊन जमिनीवरच्या थाळीतून जेवायला लावलं. तीन वेळा.

तीन. १९५७, माझं लग्न. लग्न लावणाऱ्या महापौरांना नावं वाचताना हसू आवरेना, ते दोनदा पाणी प्यायले. माझे सासरे रोसिन्योल उठून बाहेर गेले. बायको मला म्हणाली, तू हस, म्हणजे त्यांना मजा येणार नाही. तेव्हापासून मी हसतो.

चार. माझ्या गाडीच्या आरशाला लोक डुकराची शेपटी, कान, एकदा अख्खं मुंडकं बांधून जात. मुलाला दिसू नये म्हणून मी अकरा वर्षं त्याच्या आधी उठून गाडी साफ केली.'

अकरा वर्षं! मी म्हणायचो, बाबांना गाडी पुसायचं वेड आहे. मित्रांना हसत सांगायचो.

मग पाचवा मुद्दा.

'पाच. जून १९७०, शाळेची जत्रा. सोडतीत मला पहिलं बक्षीस लागलं, ते डुकराची मांडी होतं. नाव पुकारल्यावर सगळं अंगण हसलं. मुलं डुकराचे आवाज काढू लागली. माझा मुलगा रेजिस, वय दहा, तिसऱ्या रांगेत होता. तोही काढत होता. आमची नजरानजर झाली, तरी तो थांबला नाही. मी बक्षीस घेतलं आणि आभार मानले. हे नाव मुलाला किती जड होत असेल ते मला त्या दिवशी समजलं. म्हणून त्याची मागणी योग्य आहे असं माझं मत आहे.'

मला आठवत नव्हतं असं म्हणू? थापा कशाला मारू. सगळं आठवत होतं. सगळ्यांपेक्षा मोठा आवाज माझा होता. मुद्दामच मोठा काढला होता, म्हणजे तो कोशों माझा कुणी लागत नाही असं पोरांना वाटावं. मी अठ्ठावीस वर्षं मनाची समजूत घालत आलो होतो की गर्दीत त्यांना ऐकू गेलं नसेल.

"चालेल ना?" वडील कॉफीत साखर ढवळत होते. "तारखा नीट टाकल्या आहेत."

"चालेल," मी म्हटलं. माझी मान वर होईना.

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "हा कागद एकीकडे आणि बाकीची फाइल एकीकडे," म्हणाल्या.

"शेवटचा मुद्दा गाळता येईल का?" मी विचारलं. हो, विचारलं. एवढं होऊनही मला पडली होती ती माझी.

"सगळं वजन त्याच मुद्द्यात आहे. आणि हातानं लिहिलेला दाखला आहे, खाडाखोड नाही चालायची. वडिलांनाच सांगा, तेवढं सोडून पुन्हा लिहून द्या म्हणावं."

कुठल्या तोंडानं सांगणार होतो मी? मी तो तसाच पाठवला. अर्ज मागे घेता आला असता. बँकेतून बाहेर येऊन टपाल कचेरीपर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी दोनदा थांबलो. पण पट्टीवरचं नाव डोळ्यांसमोर आलं, गिऱ्हाइकांचे ओठ आले, आणि बापाची चार पानं मी खिडकीतून आत सरकवली. पावती घेतली.

चौदा महिन्यांनी राजपत्रात आलं. मातिल्द, कोरीन आणि मी, सगळे रोसिन्योल. वडिलांना मी संध्याकाळी फोन केला.

"मिळालं, बाबा."

"अरे वा! शाब्बास. तुझी आई खूश झाली असती." मग जरा थांबून म्हणाले, "माझा कागद उपयोगी पडला का?"

"तोच पडला. वकीलबाई म्हणाल्या."

"असं? त्यातलं कुठलं रे? सार्जंटचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं.

"नाही. पाचवं."

पलीकडून स्वयंपाकघरातला त्यांचा रेडिओ ऐकू येत होता.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, तुझं काम होतंय तर लिहावं."

"बाबा, मी तेव्हा— माझं चुकलं, बाबा."

"वेडा आहेस का? दहा वर्षांचं पोर होतास तू."

त्या जत्रेत होतो. पण त्या कचेरीच्या खिडकीपाशी मी अडतीस वर्षांचा होतो.