रुख्मिणीबाईची मालिश

मी इग्वाना बोलतोय. घोरपड नव्हे! अख्ख्या वाशिमने मला घोरपड म्हणून म्हणून माझं डोकं उठवलंय. घोरपड अंडी-उंदीर खाते, मी निव्वळ पाल्यावर जगणारा. आमची जात म्हणे सातासमुद्रापलीकडे झाडांवर राहते. तो मुलूख मी कधी पाहिला नाही. कुठल्याशा व्यापाऱ्याच्या खोक्यात जन्मलो आणि बुटाच्या डब्यात बसून वाशिमला आलो.

मला आणलं हरीओमनं. बाजारात त्याचं कूलर बनवायचं दुकान आहे. तेव्हा मी वीतभर होतो, हिरवागार. त्यानं मला माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवलं, ‘ड्रॅगन’ असं नाव दिलं आणि आल्यागेल्याला दाखवत सुटला. गिऱ्हाइकं काचेला नाक लावायची, मोबाईल काढायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हरीओम वाईट माणूस नव्हता. पण तुम्हा माणसांची एक खोड आहे. स्वतःला जे सुखाचं वाटतं, तेच तुम्ही दुसऱ्याला देता. इथलं ऊन माणसाचा जीव घेतं, म्हणून हरीओमला वाटे, मलाही गारवाच हवा. “बापा, काय तपून राह्यलं! याचा जीव कासावीस होत असंन,” म्हणायचा आणि दुकानातला सगळ्यात मोठा कूलर माझ्याकडे वळवायचा. अरे बाबा, मी थंड रक्ताचा प्राणी! खाल्लेलं पचायला मला ऊन लागतं, हाडं धरायला ऊन लागतं. मी गारठून दगडासारखा पडायचो, आणि तो म्हणायचा, “पाहा, कसा आरामात झोपला.”

वर खायला उकडलेलं अंडं नाहीतर पोहे.

पुढे नवलाई संपली. माझी पेटी मागच्या अंधाऱ्या खोलीत, पत्र्यांच्या आड गेली. पाण्याची वाटी कधी भरलेली असायची, बहुतेक वेळा कोरडीच. माझा जबडा मऊ पडला, पाय वाकले. चालायचं म्हटलं तर पोट घासत सरकायचो. मग तेही सोडून दिलं.

एके दिवशी कूलरचा पंप बदलायला एक बाई आली. धम्मदीपा तिचं नाव, अनसिंगला अंगणवाडी चालवते. पंप शोधता शोधता हरीओमनं पत्रे बाजूला केले, उजेड पाहून मी कसाबसा सरकलो आणि तिची नजर माझ्यावर पडली.

“दादा, हे पाय काहून ओढून राह्यलं?”

“आळशी हाये थो, ताई.”

तिनं वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. “आळशी कायचा? मुडदूस झाला याले. आमच्याकडं असे वाकड्या पायाचे लेकरं येतात ना. मी घेऊन जाऊ का?”

हरीओमनं मान खाली घातली. “न्या ताई. माह्याच्यानं आता होत नाई.” पिशवीत ठेवताना त्यानं माझ्या डोक्यावरून एकदा बोट फिरवलं.

अनसिंगच्या त्या घरात धम्मदीपा आणि तिची माय रुख्मिणीबाई, दोघीच. रुख्मिणीबाई म्हणजे वस्तीतल्या लेकरांना न्हाऊमाखू घालणारी बाई. त्या वस्तीत तिच्या हातचं तेल लागलं नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. मला पाहून आधी ती दचकलीच. “अवं, हे काय आणलं व?”

“मुडदूस हाये याले, माय. लेकरूच समज.”

झालं. लेकरू म्हटल्यावर तिला दुसरं काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी धम्मदीपा अंगणवाडीत गेली आणि रुख्मिणीबाईनं तिळाचं तेल कोमट केलं. अंगणात पाय लांब करून बसली, मला पालथं पायांवर घेतलं. पाठीवर ऊन, पोटाखाली उबदार पाय. इतकं सुख मला जन्मात कधी मिळालं नव्हतं. ती पाठ चोळत होती, माझ्याशी बोलत होती. मग तान्ह्या लेकराचे हातपाय ओढून ताणतात तसा तिनं माझा मागचा पाय धरला आणि हलकेच ओढला.

पाय मोडला. वाळकी काडी मोडावी तसा.

लेकरू असतं तर त्यानं टाहो फोडला असता आणि तिचा हात तिथेच थांबला असता. मला आवाजच नाही हो! आमच्या जातीला ओरडता येत नाही. कळ मस्तकात गेली आणि मी गप्प पडून राहिलो. तिनं मालिश पुरती केली, मला फडक्यानं पुसलं, वर कौतुकानं म्हणाली, “पाह्य बरं, किती शायनं हाये! रडलं बी नाई.”

संध्याकाळी पाय सुजून टम्म झाला, तेव्हा कळलं.

वाशिमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितलं, “मी गायीम्हशी पाहणारा माणूस.” त्यांनी नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरला फोटो पाठवले, फोनवर विचारून विचारून पायाला काडी बांधली. “जगेल का ते सांगत नाही,” म्हणाले. “पण आजी, दोष तुमचा नाही. हाडं आधीच पोकळ झाली होती. रोज ऊन द्या, शेवग्याचा पाला द्या.”

रुख्मिणीबाईला ते पटलं नाही. घरी येऊन ढसाढसा रडली. “मले समजलंच नाई व धम्मा. या हातानं मोडला मी त्याचा पाय.”

मी जगलो. शेवगा खाल्ला, ऊन खाल्लं, जबडा घट्ट झाला. पाय वाकडाच जुळला. आता झाडबीड विसरायचं, पण अंगण पार करतो. रुख्मिणीबाई रोज मला उन्हात सोडते आणि लांब बसते, हात पदराखाली. तिनं मला पुन्हा हात लावला नाही. सुपात घालून उचलते. एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण तिनं लेकरांची मालिशही सोडली.

आज सकाळी शेजारची पिंकी आली, कडेला नवं लेकरू. “जयभीम आजी. याले तेल लावून दे ना.”

“दुसरी पाह्य, पिंके. माह्या हाताचा भरोसा नाई आता.”

“मले बी तूच लावलं होतं ना व!”

“एखादं नाई रडलं तं?” रुख्मिणीबाईनं तोंड फिरवलं. पिंकी लेकरू घेऊन निघून गेली. रुख्मिणीबाई तिथेच बसून रडू लागली. माझ्यामुळे! मला ते बघवेना.

म्हणून मी निघालो. वाकडा पाय ओढत अंगण ओलांडलं आणि तिच्या मांडीवर चढलो. ती ताठ झाली. “उतर बापा, उतर,” म्हणाली, पण ढकललं नाही.

आत्ता मी तिथेच आहे. तिचा एक हात पदराबाहेर आलाय, माझ्या पाठीवर अधांतरी थांबलाय. रुख्मिणीबाई, टेकवा की हात! मला रडता येत नाही हे खरं. पण दुखलं तर शेपटीचा असा फटका देईन, की वळ उठेल. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं. आज आहे. तुमच्याच उन्हानं दिलंय.