डोळ्यांची आखणी

भाद्रपदातले ऊन. ओलसर, हळदुले, पोटरीला आलेल्या भातावर टेकत टेकत पुढे सरकणारे ऊन. कौलांच्या फटींतून ते गणपतीच्या शाळेत उतरले होते आणि पीतांबरधारी, मुकुटमंडित गणरायांच्या पोटांवर रेंगाळत होते. मूर्ती घडवतात त्या पडवीला या गावात शाळाच म्हणतात. चतुर्थी उद्यावर आली होती.

साऱ्या मूर्ती सनेत्र, प्रसन्न. एकच तेवढी आंधळी उरली होती.

तिच्यासमोर मनोरमा सिस्टर बसल्या होत्या. केस पांढरे, विद्या कोवळी. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपवून त्या भिवा मेस्त्रींकडे रंगकाम शिकायला आल्या, त्याला हा चौथा पावसाळा. शेल्याची जर, सोंडेवरची नक्षी, मोदकाच्या पाकळ्या, सारे हाताला आले. डोळे मात्र मेस्त्रींचे. डोळे आखायचे ते एका श्वासात, आणि आखलेले पुसायचे नाही, हा शाळेचा दंडक. पण काल शेवाळल्या पायरीवर मेस्त्री घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरात गेला.

"सिस्टर, आता तुमीच आखा," ते म्हणाले. "माका जमाचा नाय."

सिस्टरांनी कुंचला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. भय, नुसते भय. कारण मूर्तीखालचा पाट सुगंधाच्या घरचा होता.

सुगंधाची लेक बकुळ. सहा वर्षांची, दोन वेण्यांची, तापाने फणफणलेली बकुळ. सिस्टरांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात ती गेली. तिचे उघडे राहिलेले डोळे सिस्टरांनीच मिटले होते, याच बोटांनी. तेव्हापासून सुगंधाने देवाकडे पाठ फिरवली. तीन चतुर्थ्या तिच्या घरी आरती झाली नाही. यंदा कुणास ठाऊक कशी, पाट डोक्यावर घेऊन ती स्वतः मूर्ती सांगायला आली होती.

आणि आता ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मूर्ती न्यायला आली होती.

डोळे मिटणारी बोटे डोळे उघडणार कशी? डोळे बिघडले तर ही बाई पुन्हा देवाचे तोंड पाहणार नाही. सिस्टरांना पळून जावेसे वाटले. अगदी खरेच, चपला घालून, घरी.

त्यांनी श्वास घेतला. कुंचला टेकवला. वरची पापणी वळली, धनुष्यासारखी. खालची तिला भेटली. उजवा डोळा, डावा डोळा. रेघ थरथरली नाही. मग बुबूळ.

थरथर तिथे आली. काळा थेंब तसूभर खाली उतरला आणि तिथेच बसला.

पुसायचे नाही. सिस्टरांनी ओठ आवळले आणि दुसरे बुबूळही तेवढेच खाली उतरवले, कारण देव तिरळा करणे हे त्याहून मोठे पाप. मेस्त्रींनी पाहिले आणि मान फिरवली. देवाने दारात उभ्या भक्ताकडे पाहायचे असते. हा देव जमिनीकडे पाहत होता.

सुगंधा पुढे आली. डावीकडे झाली, उजवीकडे झाली. नजर कुठेच भेटेना.

"देव खाली बघता," ती म्हणाली.

सिस्टरांच्या हातातला कुंचला गळून पडला.

सुगंधा नजर शोधत राहिली. नजरेमागोमाग वाकली, आणखी वाकली आणि पाटापासून दोन हातांवर, शेणाने सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसली. खांदे आत ओढले. मान वर केली.

"माझां चेडू, बकुळ, हयसरच बसायचां, सिस्टर," ती म्हणाली. "आरतेक."

ऊन सरकले. आधी मुकुटावर, मग सोंडेवर, मग भुईवर आले. आणि लहान होऊन बसलेल्या त्या आईकडे, नव्याने उघडलेल्या डोळ्यांनी, देव खाली पाहत राहिला.