आधी मला उघडा

मित्रांनो, मी एक जुनं, बारीक अंगाचं पुस्तक आहे. कपाटात मला शोधायचं तर बोट घालून चाचपावं लागतं. माझा लेखक इटलीतला एक गोष्टीवेल्हाळ गृहस्थ. तिकडच्या जुन्या देवादिकांच्या कथांवर त्याने चार पुस्तकं लिहिली आणि कुणीतरी मन लावून ती आपल्या भाषेत आणली.

आम्हा चौघांत सर्वांत आधी लिहिला गेलो तो मी. माझ्यात लेखकाने नुसत्या गोष्टी सांगितल्या, एकापाठोपाठ एक, गप्पा माराव्यात तशा. त्याला हुरूप आला, मग त्याने देवींच्या कथांचं एक आणि ताऱ्यांच्या कथांचं एक अशी दोन पुस्तकं लिहिली. शेवटी म्हातारपणी, होतं नव्हतं तेवढं ज्ञान ओतून त्याने एक भलामोठा ग्रंथ लिहिला. तो वयाने आमच्यात शेंडेफळ, पण अंगापिंडाने असा दणकट की आम्ही त्याला दादाच म्हणतो.

वाचनालयात आलो तेव्हा आमचे दोरे सुटलेले होते, म्हणून आम्हाला बाईंडरकाकांकडे पाठवलं. काकांची एक पद्धत होती. सकाळी हातात जोर असतो, तेव्हा जाड पुस्तकं शिवायची. बारीक पुस्तकं दमलेल्या हातानेही होतात. त्या क्रमाने त्यांनी आम्हाला शिवलं आणि स्वतःला कळावं म्हणून पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले. दादाला एक, देवींना दोन, ताऱ्यांना तीन आणि मला चार. ते आकडे पुसायचं काकांच्या ध्यानातच राहिलं नाही.

आता आमच्या ग्रंथपाल मॅडमचा एक कडक नियम होता: मालिकेतली पुस्तकं क्रमानेच न्यायची. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. मागे एका महाशयांनी रहस्यकथेचा शेवटचा भाग आधी वाचला आणि खुनी कोण ते साऱ्या वाचनालयाला सांगून टाकलं होतं. तेव्हापासून एक वाचल्याशिवाय दोन मिळत नसे, आणि काकांचे आकडे त्यांना मालिकेचेच वाटले, मग माझी काय कथा!

लोक हौसेने यायचे. देवांच्या गोष्टी वाचायच्या म्हणायचे आणि दादाला काखेत मारून न्यायचे. दादा स्वभावाने चांगला, पण त्याची प्रस्तावना संपता संपत नाही. कोणत्या देवाला कुठल्या गावात काय म्हणत, ते नाव कशावरून पडलं, त्यावर कोण काय म्हणालं! थोड्याच दिवसांत तो परत यायचा. "छान आहे हो, पण सध्या वेळ होत नाही," असं म्हणत माणसं दुसऱ्या कपाटाकडे वळायची. माझ्यापर्यंत कुणी पोचतच नसे. माझ्यावर धूळ बसली, एका कोपऱ्याला कसर लागली. "ही चार पुस्तकं नुसती जागा अडवतायत," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मग एके दिवशी शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या धाकट्या भावाच्या, बसच्या ड्रायव्हरच्या, डोळ्याचा पडदा सुटला होता. दुसरा डोळा लहानपणापासून अधू, म्हणजे गाडी चालायची ती याच डोळ्यावर. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता आणि तो पडद्याला नीट टेकावा म्हणून दिवसरात्र पालथं पडून राहायला सांगितलं होतं. आणि हा माणूस कसला! जन्मात कधी एका जागी बसला नव्हता. बहिणीची पाठ वळली की हा उठून खिडकीशी उभा. डॉक्टरांनी सरळ बजावलं, "पुन्हा मान वर केलीत तर डोळ्याची खात्री देणार नाही."

"एखादं असं पुस्तक द्या, की तो ऐकत पडून राहील," बाई म्हणाल्या. मॅडमनी नियमाप्रमाणे दादाला दिलं.

बाई गणिताच्या. त्यांना पायरी गाळलेली खपत नाही. त्यांनी प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पुढचं सगळं मला दादानेच सांगितलं, आणि सांगताना बिचारा अगदी ओशाळला होता. भाऊ थोड्याच वेळात उसासे टाकू लागला.

"ताई, आता हे पुरे. मी भिंतीकडे बघत बसतो."

"भिंतीकडे बघायलाही मान वर करावी लागेल. पड गुमान."

दुपारी बाई शाळेतून आल्या तर भाऊ पुन्हा खिडकीशी. त्या रागावल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून रडल्या. "तुझा डोळा गेला तर मी काय करू रे?" त्या म्हणाल्या. भाऊ मुकाट्याने पालथा झाला. पण हे एक दिवस चालेल, रोज नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी दादाची प्रस्तावना एकट्यानेच शेवटपर्यंत वाचली. आजवर ते कुणीही केलं नव्हतं. शेवटच्या पानावर लेखकाने लिहिलं होतं, "माझं पहिलं, लहानसं पुस्तक वाचलं नसेल, तर हा ग्रंथ मिटून ठेवा आणि आधी ते वाचा. मी रागावणार नाही."

सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच बाई दारात हजर. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली, आमच्या पाठीवरचे आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही प्रस्तावना मीसुद्धा कधी पुरी केली नाही हो." मग त्या स्वतः उठल्या, मला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

माझी पहिलीच गोष्ट सूर्याच्या मुलाची. बापाचा रथ एक दिवस हाकायला मिळावा म्हणून तो हट्ट धरतो आणि घोडे उधळतात. उशीतून आवाज आला, "पहिल्याच दिवशी एवढी मोठी गाडी पोराच्या हातात? चूक बापाची आहे." बाई हसल्या. "पुढे वाच ना," भाऊ म्हणाला.

त्यानंतर तो हलला नाही. पाणीसुद्धा पडल्या पडल्या नळीने प्यायचा. बाई मोठ्या बेरकी. ऐन रंगात मला मिटायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं जेवल्यावर. मान वर केलीस तर उद्यावर." शेजारचा शिंपी हातातलं काम घेऊन ऐकायला यायचा. कुठल्या देवाचं चुकलं यावर दोघांची जुंपायची, आणि भाऊ तावातावाने भांडायचा तोही फरशीकडे तोंड करून.

तपासणीच्या दिवशी मीही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळा पाहिला, फोटो काढला आणि बाहेर मान खाली घालून बसायला सांगितलं. बाकावर बाई हळू आवाजात माझी शेवटची गोष्ट वाचू लागल्या. थोड्या वेळाने डॉक्टर दारात आले. "पडदा छान बसलाय. गाडी पुन्हा चालवाल. आता मान वर करा."

भावाने मान वर केली नाही. "डॉक्टर, जरा थांबा," तो म्हणाला. "ताई, वाच. संपत आलंय."

डॉक्टर दाराला टेकून उभे राहिले. गोष्ट संपली. मग त्याने सावकाश मान वर केली, बहिणीच्या हातातून मला घेतलं आणि डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिलं.

"एवढंसंच आहे होय हे?" तो म्हणाला. "मला वाटलं, केवढं जाडजूड असेल."

आता वाचनालयात आधी मी जातो, मग देवी, मग तारे आणि शेवटी दादा. दादालाही आता पूर्ण वाचणारी माणसं भेटतात. तेव्हा मित्रांनो, एखादं पुस्तक जमलं नाही तर लेखकावर रुसू नका, त्याचं दुसरं उघडून बघा. आमचे कोपरे दुमडू नका, ओल्या हातांनी पानं उलटू नका. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर शेजारी बसून त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याचे डोळे मिटलेले असले तरी चालेल. आम्हाला कान पुरतात.