भात्याची कडी

मित्रांनो, दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीत, मोडक्या स्टुलामागे चादर पांघरून जो जुना व्हेंटिलेटर उभा आहे, तो मी. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही त्याच्या छातीत हवा भरायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिल्यांदा मला एका रबरी पिशवीवर चालवून पाहिलं. पिशवी फुगली, उतरली, आणि मला तपासणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "जा बाळा, जीव वाचव." मी ते मनावर घेतलं. न्यूमोनियाने निळा पडलेला एक बस ड्रायव्हर माझ्या आधाराने तगला आणि स्वतःच्या पायांनी घरी गेला. जाताना त्याच्या बायकोने माझ्या डोक्यावर फुलं ठेवली. सिस्टर ओरडल्या, "अहो, मशीन आहे ते, देव नाही!" खरं सांगू? तेव्हा माझी कॉलर जरा ताठच झाली होती.

मग पेटीवाले आजोबा आले. चर्चमधल्या आणि शाळांमधल्या हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता त्यांची फुप्फुसं पार निबर झाली होती. ताप उतरेपर्यंत म्हणून मला जोडलं. ताप उतरला, पण फुप्फुसं काही सुधारली नाहीत. शेवटी गळ्याला भोक पाडून माझी नळी तिथे बसवली. आजोबांचं डोकं शाबूत होतं, आवाज मात्र नळीने नेला. एकदा त्यांनी नळीला हात घातला, तेव्हापासून त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधून ठेवले होते.

ते अडकले होते आणि मीही. त्यांनी तोंड फिरवलं तरी मी हवा ढकलायचो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ढकलायचो. माझं बटण माझ्याच अंगावर आहे, पण मला ते दाबता येत नाही. मला माझीच लाज वाटायची.

डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेतलं. "ताई, हे यातून बरे होणार नाहीत. मशीन नुसतं दिवस ढकलतंय."

"मग ढकलू दे," ती म्हणाली. "बंद करा म्हटलं तर मीच मारल्यासारखं होईल. आमच्यात ते पाप आहे."

तिला आणखी एक धास्ती होती. चर्चचे फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले म्हणजे माणूस जाणारच, असं तिच्या घरात सगळेच मानत. म्हणून तिने फादरना दारातच गाठलं. "फादर, तो झगा नको. साधा शर्ट घालून या, सहज भेटायला आल्यासारखे. नाहीतर बाबा हाय खातील."

फादर बिचारे साध्या शर्टात आले. चर्चचं छप्पर गळतंय, गाणाऱ्यांचा सूर लागत नाही, असं काहीबाही बोलत राहिले. तेलाच्या डबीने त्यांचा खिसा फुगला होता. आजोबांची नजर त्या खिशावरून हलेना.

"यांचा एक हात सोडता का?" फादरनी सिस्टरना विचारलं.

हात सुटला. आता हे नळी ओढणार, म्हणून मी धास्तावलो. पण आजोबांनी बोट उचललं आणि स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

"डोकं दुखतंय का, बाबा?" मुलगी धावली.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा बोट कपाळावर, मग फादरच्या खिशाकडे. फादरचे डोळे भरून आले. "तेल मागतायत गं ते. तू लपवत होतीस, आणि ते वाट बघत होते."

मग आजोबांनी माझ्याकडे बोट केलं आणि हात आडवा हलवला. पुरे.

मुलगी भिंतीला टेकली. "पण फादर, हे पाप..."

"जीव घेणं पाप आहे. तुझे बाबा जीव द्यायला निघालेले नाहीत. मरण आलंच आहे दारात. ज्या उपचाराने गुण येणार नाही, नुसता त्रास लांबेल, त्याला नको म्हणायची मुभा आहे आपल्याला. पण त्यांचं औषधपाणी, उशी, तुझा हात, हे काढायचं नाही. अगदी शेवटपर्यंत नाही."

ती वडिलांच्या उशाशी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "पेटी अगदी निकामी झाली तरी बाबा तिला तशीच फेकून देत नसत. स्वच्छ पुसायचे. मला म्हणायचे, भाता दाबू नकोस, आतली हवा आपोआप उतरू दे, मग कडी लाव. कडी नेहमी मीच लावायचे."

आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना स्वतः विचारलं, मशीन बंद करायचं का. उत्तर तेच होतं. मुलीने घरून त्यांचा धुतलेला सदरा आणून अंगात घातला. फादर या वेळी झगा घालून आले आणि त्यांनी कपाळाला, हातांना तेल लावलं. धाप लागू नये म्हणून सिस्टरनी औषध दिलं आणि दुसराही हात सोडला. मग डॉक्टरांनी माझं बटण दाबून मला बंद केलं आणि माझी नळी सोडवली.

मुलीने तळहात वडिलांच्या छातीवर ठेवला, पण दाबला नाही. छाती वर आली, खाली गेली. मग थोडी कमी वर आली. ती तशीच बसून राहिली. हवा सगळी उतरली, तेव्हा तिने सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं.

पुढे नवं मशीन आलं आणि माझी रवानगी इथे झाली. मित्रांनो, अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसत जा. कुणाला बरं व्हायला माझी गरज लागली तर मी आजही कंबर कसून उभा राहीन. पण तुमचं माणूस मला जोडलेलं असेल, तर त्याचा हात सोडून त्याला विचारा, तुला काय हवंय. मला फक्त हवा भरता येते. विचारता येत नाही.