बिलावरचा मार्बल

"ताई, त्या दगडातनं ठिणग्या उडतात. मार्बल असा नाय करत," कमळाबाईंनी सोमवारी भांडी घासता घासता सांगितलं होतं. मितालीनं ते ऐकून सोडून दिलं. ती दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होती. समोर दीनानाथकाकांच्या स्वयंपाकघराचा नवा ओटा कापला जात होता आणि रोडपालीतल्या त्या पाचव्या मजल्यावर पिठाच्या गिरणीसारखी धूळ उडत होती. ती धूळ आपल्या चौदा महिन्यांच्या लेकीच्या, रेवाच्या, नाकात जाऊ नये, याच्यापुढे तिला काही सुचत नव्हतं.

"मशीन आहे, ठिणग्या उडायच्याच. तुम्ही ती खिडकी लावा बघू आधी."

खिडकी लावून कमळाबाई परत भांड्यांकडे वळल्या. दगड कापणारा रामू त्यांच्या आपटा गावचा, त्यांच्याच आळीतला.

गुरुवारी रेवा काहीतरी चघळताना दिसली. मितालीनं बोट घालून काढलं, तर पांढऱ्या दगडाची कपची. काकांकडून कुणाच्या तरी चपलेबरोबर आली असणार. ती केरात टाकणार, तेवढ्यात तिनं उजेडात धरून पाहिली. साखरेसारखे दाणे, एकमेकांत घट्ट रुतलेले. मितालीनं तीन वर्षं भूशास्त्र शिकून पदवी घेतली होती. सासरी त्या पदवीचा उपयोग आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं कपची लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर ओढली. काचेवर स्वच्छ चरा उठला.

मार्बल काचेला चरा पाडत नाही.

तिला वर्गात शिकलेलं आठवलं. खडक एकदा घडला की संपलं, असं नसतं. तो खोल गाडला जातो, वरून दाब येतो, खालून धग लागते आणि न वितळताच त्याचे कण नव्यानं जुळतात. तो रूपांतरित खडक. त्याची जात ठरवताना आधी बघायचं, की दाबानं त्याचे पापुद्रे किंवा पट्टे झालेत का. पाटीचा दगड पापुद्र्यांचा. ज्याला पापुद्रे नाहीत, त्याचं मूळ विचारायचं. चुनखडीचा मार्बल होतो आणि वाळूच्या दगडाचा क्वार्ट्झाइट. दिसायला दोघं जुळे भाऊ, पण दुसरा म्हणजे नुसती गारगोटी. त्याची कोरडी धूळ छातीत बसली की फुप्फुस दगडासारखं होतं, आणि ते परत मऊ होत नाही.

चार दिवस तिनं टॉवेल लावून आपलं दार जपलं होतं. रामू त्या धुळीतच उभा होता.

रेवाला कमळाबाईंच्या कडेवर देऊन, व्हिनेगरची बाटली आणि एक खिळा घेऊन ती समोर गेली.

"काका, हा मार्बल नाहीये."

"अगं, बिलावर लिहिलंय ना मार्बल! चांगला निवडून आणलाय."

"दुकानात पांढरं ते सगळं मार्बल आणि काळं ते सगळं ग्रॅनाइट. थांबा, दाखवते."

काकांचा उंबरा जुना, खऱ्या मार्बलचा. तिनं खिळ्यानं तो जरासा खरवडला आणि भुकटीवर थेंब सोडला. बारीक फेस आला. नव्या लादीवर मात्र खिळाच झिजला, दगडावर लोखंडाची रेघ उमटली. व्हिनेगर नुसतं ओघळलं.

रामू तोंडावरचा रुमाल खाली करून हसला. "वयनी, दगडाला काय पाजता?" आणि हसता हसता खोकला. बराच वेळ.

"कधीपासून आहे खोकला, रामूदादा?"

"धुळीचा हाय, जातो. दिवाळीपासनं हाय."

"आणि पाणी का नाही सोडत पात्यावर?"

रामूनं काकांकडे पाहिलं. काका ओशाळले. "खालच्यांच्या छताला ओल येईल, म्हणून मीच म्हटलं, कोरडंच काप."

"ओल वाळते, काका. या दगडाच्या धुळीनं छाती दगड झाली, की परत मऊ होत नाही."

काका स्वतःच गच्चीवर गेले आणि नळाला पाइप लावला. उरलेल्या लाद्या रामूनं तिथे पाण्याखाली कापल्या. मितालीनं त्याला धूळ अडवणारा मास्क आणून दिला. तो म्हणाला, "यात श्वास कोंडतो," पण लावला. येत्या सोमवारी सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा, डॉक्टरांना दगडाचं नाव सांगायचं, असं ठरलं. तिनं ते नाव कागदावर लिहून त्याच्या खिशात घातलं.

सोमवारी तो आला नाही. कमळाबाईंनी त्याच्या घरी विचारलं. ठेकेदारानं त्याला तळोज्याकडच्या कुठल्याशा नव्या इमारतीत नेलंय, तसल्याच पांढऱ्या लाद्या आहेत, काम संपेपर्यंत मुक्काम तिथेच. इमारतीचं नाव घरच्यांना ठाऊक नाही. फोन वाजतो, उचलत नाही. मशीन चालू असताना ऐकू तरी कसा येणार? दोन दिवस मिताली रेवाला घेऊन रिक्षानं त्या बाजूला हिंडून आली. इमारती पन्नास, आणि निम्म्यांत कटरचा आवाज.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल आणि शेजारी पांढरा दगड कोरडा कापला जात असेल, तर दार लावून घेण्याआधी एकदा तिथे जा. चाळिशीचा, सडपातळ, बोलता बोलता खोकणारा माणूस दिसला तर विचारा, आपट्याचे रामूदादा तुम्हीच का? असला तर पाणी सोडायला लावा आणि छातीचा फोटो काढला का, ते विचारा. नसला, तरी जो कुणी असेल त्याला हेच विचारा.