पावसात विकायची गाडी

मे महिन्यात तीन गिऱ्हाइकं देवबागला येऊन गेली. तिघांनीही लवूच्या फियाटचं दार उघडलं आणि नाक मागे घेतलं.

गाडी जुनी, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. मालवणातल्या एका डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा लवूच्या वडिलांनी ती घेतली होती. घर होडीवर जगणारं, पण या गाडीत मासळी कधी चढली नाही. लवूची बायको नर्मदा मासे विकायची. तिची पाटी टेम्पोतून जायची आणि मागून नवऱ्याची गाडी रिकामी जायची. त्यामुळे पुण्याहून आलेल्या तिसऱ्या गिऱ्हाइकाने हसत विचारलं, की यातून मासे नेता का, तेव्हा ते लवूच्या जिव्हारी लागलं.

गाडी विकणं मात्र भाग होतं. गुडघ्यांमुळे त्याला क्लच दाबवत नव्हता, आणि गेल्या पावसाळ्यात समुद्राने गाडीच्या शेडमागची वाळू खाल्ली होती. मुलगा सुदेश मस्कतला होता. चतुर्थीला मी घरी येईन तोवर कुणी घेतली नाही तर भंगारवाल्याला देऊन टाकू, असं त्याने फोनवर सांगितलं. लवूला ते नाकारता आलं नाही. गाडी चालवणाऱ्याच्या हातात जावी, एवढंच त्याला हवं होतं.

संचिता ही लवूच्या भावाची मुलगी. समुद्रापासून आत, कट्टा गावात राहायची आणि ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सुट्टीत ती देवबागला आली तेव्हा काकाने तिला शेडमध्ये नेलं आणि वास कसला येतो ते बघायला सांगितलं. तिने आधी मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट लावलं. बोट चिकटलं. मग पायाखालचं मॅट उचलून तळाच्या पत्र्यावर नख ओढलं. तिथे मधाच्या रंगाचा एक कडक थर होता आणि त्याला कसलाच वास नव्हता.

काय लावलंस, असं तिने विचारलं. लवूला प्रश्नच कळला नाही. मे महिन्याच्या शेवटी होडी वाळूवर ओढून घेतात आणि तिला तारली माशांचं तेल लावतात. होडीचं झालं की उरलेलं तेल तो दरवर्षी गाडीच्या अंगाला, तळाला, दारांच्या पोटात लावायचा. यंदा गिऱ्हाईक येणार म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच दोन हात जास्त दिले होते, आतूनसुद्धा.

"होडयेक लावतंय ता गाडयेक लावलंय," तो म्हणाला. "तेच्यात काय वायट?"

नर्मदा दारात उभी होती. "इतकी वर्सां माझ्या पाटयेक ह्या गाडयेत जागा नाय. आणि आता सगळी तारली आत भरल्यान."

संचिताला हसू आलं, पण ती पुन्हा तळाकडे वाकली. दोन्ही बाजूंना खारं पाणी असलेल्या या वाळूच्या पट्टीवर इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा शाबूत होता. तारल्यांचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू वाळतं आणि वार्निशासारखं घट्ट होतं. मग त्याच्याखाली पाणी जात नाही. ओलं असेपर्यंत मात्र ते उन्हात उग्र वास मारतं. तेल वाळायला काही आठवडे लागणार होते, आणि सगळे ज्याला गाडी विकायचा हंगाम म्हणतात तो मे महिना नेमका तेल ओलं असण्याचा होता.

तिने काकाला सांगितलं, की मे महिन्यात विकायचीच नाही, श्रावणात विकायची. सुदेश फोनवर म्हणाला, की पावसात कोणी जुनी सायकलसुद्धा घेत नाही. संचिताचं म्हणणं वेगळं होतं. कोरड्या दिवसांत किनाऱ्यावरची गाडी बघणाऱ्याला रंगाखाली काय आहे ते कळत नाही, म्हणून तो सगळ्यावरच संशय घेतो. पावसात गाडी गळते की नाही ते त्याला स्वतः बघता येतं.

सुदेशला ते पटलं नाही. चतुर्थीची मुदत त्याने मागे घेतली नाही.

देवबागच्या शेडचा पावसात भरवसा नव्हता, म्हणून मृगाच्या आधी लवूच्या ओळखीच्या ड्रायव्हरने गाडी कट्ट्याला, संचिताच्या घराशेजारच्या पडवीत आणून लावली. आषाढात एकही फोन आला नाही. संचिताने जुन्या गाड्यांच्या एका संकेतस्थळावर फोटो टाकले होते. धुवाधार पावसात उभी गाडी, आतलं कोरडं मॅट आणि खालून काढलेला तळ. लवू रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, कोणी इला काय. मग त्याने विचारणं बंद केलं.

श्रावणातल्या एका रविवारी कोल्हापूरहून आनंदी नावाची बाई आली. तिचा लेथचा छोटा कारखाना होता. लवू आणि नर्मदा सकाळपासून येऊन बसले होते. नर्मदाने नवऱ्याला बजावलं होतं, की कोणी विचारलं तर परदेशी वार्निश म्हणून सांग.

आनंदीने चहा नको म्हटलं, चटई मागितली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेली. बराच वेळ तिचे फक्त पाय दिसत होते. मग खालून आवाज आला, की याला लावलंय काय?

लवूने संचिताकडे पाहिलं. पाहुण्यांशी तो कचेरीतलं मराठी बोलायचा, तेही सापडेना.

"तारल्यांचं तेल," तो शेवटी म्हणाला. "मासळीचं. दरवर्षी लावतो."

आनंदी बाहेर आली. तिने बोटाचा वास घेतला, पुन्हा घेतला.

"किनाऱ्यावरच्या तीन गाड्या बघितल्यात मी," ती म्हणाली. "तिन्हींच्या तळातनं रस्ता दिसत होता. हिच्यातनं का दिसत नाही, एवढंच कळत नव्हतं."

तेलाने दारांची रबरं फुगली होती, ती बदलावी लागणार होती. संचिताने ते आपणहून दाखवलं. आनंदीने मान हलवली आणि किल्ली मागितली. भर पावसात बाजारापर्यंत जाऊन ती परत आली आणि दारांच्या कडांखाली हात फिरवून बघितला. हात कोरडा होता.

किमतीवर फार बोलणं झालं नाही. लवूने एकच गोष्ट विचारली. बाई गाडी रोज चालवणार, की कापडाखाली ठेवणार?

"कारखान्याला हिच्यातनंच जाणार, काका. नवरा म्हणतो, येडी आहेस."

पुढच्या रविवारी कागद करून ती गाडी न्यायला आली. तिसऱ्या गिअरला दांडा जरा उचलून मग ओढावा लागतो. ते दाखवायला लवू शेजारी बसला आणि बाजाराच्या वळणावर उतरतो म्हणाला. वळणावर गाडी थांबली नाही. दुपारी वैभववाडी स्टेशनवरून त्याचा फोन आला. घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो होतो, आता परतीच्या रेल्वेची वाट बघतोय, म्हणाला. आवाज बरा होता. संचिताने विचारलं, कशी चालवते ती.

"बरी चालयता गो. तिसरो पयल्याच झटक्यात पडलो," तो म्हणाला. "घाटातल्या धुक्यात दिसनाशी झाली, तरी आवाज येय होतो. खंयच अडकाक नाय."